यात्रेकरूची वही व क्षेत्राचा ठसा

(१)

इतिहासाच्या साधनांची गणना करितांना ताम्रपट, शिलालेख, नाणीं, सनदा, बखरी, पत्रें व हिशेबाचे कागद इतकीं नांवें घेऊन आपण सामान्यतः थांबतों. या यादींत आणखी एका साधनाची भर पडत आहे आणि तिकडे संशोधकांचें व संग्राहकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. पदार्थसंग्रहालयें, किल्ले, लेणीं व प्राचीन देवालयें पाहावयास जाणारी कांहीं मंडळी सोबत एक कोरी वही बाळगतात. ज्या ठिकाणीं त्या स्थळाचा म्हणून एखादा शिक्का ठेवलेला असेल तेथें त्याचा ठसा वहींत उठवून घेतात, आणि असे ठसे जमवीत जातात. आपल्या डाकखात्यानेंही अनेक तीर्थक्षेत्रांच्या व प्रेक्षणीय स्थळांच्या टपालकचेऱ्यांस चित्रमय शिक्के दिलेले आहेत. तेथें तिकीट लावलेला लिफाफा पुढें केला असतां त्या स्थळाचें चित्र असलेला ठसा त्यावर उठवून मिळतो.

कोलार नदीच्या कांठचें आमचें सावनेर हें तालुक्याचें गांव. येथेंही अशा दोनतीन वह्या आमच्या पाहण्यांत आल्या. त्या आमच्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या होत्या. त्या चाळीत असतां आमच्या मनांत जो प्रश्न उभा राहिला तोच या लेखाचा विषय आहे. हा केवळ पोरांचा छंद समजून सोडून द्यावा, कीं पुढील संशोधकास उपयोगी पडेल असें हें साधन आहे? आमचें मत असें कीं, हें साधन होऊं शकतें; मात्र तें तसें होण्यास कांहीं पथ्यें पाळावीं लागतील, आणि तीं न पाळल्यास जुन्या कागदांस या छंदापासून प्रत्यक्ष अपायही होईल. शिवाय हा प्रघात परका नाहीं. त्याचीं मुळें आपल्याच भूमींत कशीं आहेत तें आधीं पाहूं.

(२)

संस्कृतांत मुद्रा या एका शब्दानें बोटांतील अंगठी, ठसा उठविण्याचें साधन आणि उठलेला ठसा या तिन्हींचा बोध होतो. मराठींत मात्र सोय अधिक आहे. ज्यानें ठसा उठवावयाचा तो शिक्का व जो उठला तो ठसा असा भेद आपल्यास करितां येतो. पुढील विवेचनांत हा भेद आम्ही कटाक्षानें पाळला आहे. कारण शिक्का एकाच ठिकाणीं राहतो व ठसा देशोदेशीं फिरतो, हेंच या विषयाचें मर्म आहे.

प्रवास व मुद्रा यांचा संबंध किती जुना आहे हें कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून दिसतें. त्यांत मुद्राध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. त्यानें एक माषक घेऊन प्रवाशास मुद्रा द्यावी, ज्याच्याजवळ मुद्रा असेल त्यासच जनपदांत शिरावयास किंवा बाहेर पडावयास मिळावें, आणि जनपदांतील रहिवासी मुद्रेवांचून आढळल्यास त्यास १२ पण दंड व्हावा, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे अमुक मनुष्य अमुक सीमेवरून गेला याचा पुरावा ठशानें द्यावा ही कल्पना आपल्या राज्यशास्त्रांत पुरातन काळापासून आहे.

त्याचबरोबर मुद्रा खोटेंही बोलूं शकते ही जाणीवही तितकीच जुनी आहे. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसाचें सारें कथानक राक्षस अमात्याच्या अंगठीभोंवतीं फिरतें. ती अंगठी चाणक्याच्या हातीं लागते, तिच्या ठशानें बनावट पत्र मुद्रित होतें, आणि त्या एका ठशानें राक्षसाचा पक्ष ढांसळतो. नाटकाचें नांवच मुद्रेवरून पडावें, यांत त्या काळच्या लोकांस या वस्तूचें बळ व धोका दोन्ही किती ठाऊक होते हें दिसून येतें. या धोक्याकडे आम्ही लेखाच्या शेवटीं वळूं.

(३)

ठसा हें किती भरंवशाचें साधन आहे याचें उत्कृष्ट उदाहरण आमच्या नागपूर जिल्ह्यांतच मिळालें आहे. वाकाटक राजा द्वितीय रुद्रसेन याची राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्तसम्राट् द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या. पतीच्या निधनानंतर मुलांच्या लहानपणीं तिनें राज्यकारभार चालविला. तिचा एक ताम्रपट पुण्यांत एका तांबटाकडे आढळला व पुण्याच्या नांवानेंच तो प्रसिद्ध झाला. परंतु तो पुण्याचा नव्हे; तो नंदिवर्धनाहून दिलेला आहे, आणि नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचें आजचें नगरधन. तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपुरास मिळाला. तो रामगिरिस्थानाहून, म्हणजे रामटेकाहून, दिलेला आहे. या लेखांचें साक्षेपी संपादन कै. वा. वि. मिराशी यांनीं आपल्या वाकाटक लेखांच्या ग्रंथांत १९६३ सालीं केलें, तें वाचकांस विदितच आहे.

पुढें २०१५ ते २०१८ या वर्षांत नगरधन येथें उत्खनन झालें. त्यांत मातीचा एक लंबवर्तुळाकार ठसा सांपडला. वजन ६.४० ग्रॅम, लांबी सुमारें ३५.७ मिलिमीटर व रुंदी सुमारें २४.२ मिलिमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या पेरावर मावेल एवढी वस्तु. तींत शंखाची आकृति असून ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचें नांव आहे. ज्या राणीचा ताम्रपट नंदिवर्धन सोडून शेंकडों मैल दूर पुण्याच्या तांबटाच्या हातीं पडला, तिचा मातीचा ठसा मात्र नंदिवर्धनाच्याच भूमींत सुमारें पंधराशें वर्षें पडून होता. तांब्याचा पत्रा मौल्यवान म्हणून हिंडला. मातीस मोल नव्हतें म्हणून ती जागेवर राहिली. आतां स्थलनिश्चयाच्या कामीं या दोघांची साक्ष एकमेकांस पूरक झाली आहे. मातीचा एवढासा गोळा, पण तो कोठें व कोणत्या थरांत मिळाला हें ठाऊक असल्यामुळें त्याची किंमत मोठी. तोच एखाद्या संग्राहकाच्या पेटींत गांवाच्या नांवावांचून आढळला असता तर त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वीं कोणीही दहा वेळां विचार केला असता.

हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, ठशाची किंमत तो कोणत्या द्रव्याचा आहे यावर नसून तो कोठला व केव्हांचा हें सिद्ध होण्यावर आहे. हा नियम वाकाटकांच्या मुद्रेस लागू आहे तसाच विद्यार्थ्याच्या वहींतील रबरी शिक्क्याच्या ठशासही लागू आहे.

(४)

राजमुद्रांकडून यात्रेकडे वळलें असतां आपली परंपरा अधिकच स्पष्ट होते. द्वारकेची यात्रा करून येणारा मनुष्य पूर्वीं अंगावर शंखचक्राचा छाप घेऊन येत असे. तो छाप म्हणजे यात्रा घडल्याची जन्मभराची पावती. माध्व संप्रदायांत आषाढ शुद्ध एकादशीस मठांतून तप्तमुद्रा घेण्याचा आचार आजही चालू आहे. वारकरी व इतर वैष्णव पितळेच्या मुद्रांनीं कपाळावर व अंगावर गोपीचंदनाचे ठसे उठवितात. अशा पितळी मुद्रा जुन्या घरांच्या देवघरांत अजून मिळतात. त्या कोणी जुन्या बाजारांत मोडीच्या भावानें विकूं नयेत, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे.

बौद्ध यात्रेकरूंची पद्धति याहून वेगळी होती. नालंदेस मातीचे ठसे शेंकड्यांनीं सांपडले आहेत. त्यांपैकीं पुष्कळांवर धर्मचक्र व त्याच्या दोन्ही बाजूंस हरिण असून खालीं नालंदा महाविहाराच्या भिक्षुसंघाचें नांव आहे. बोधगयेस व आपल्याकडे मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांतही धर्मसूत्र उमटविलेले मातीचे ठसे मिळाले आहेत. बोधगयेसारख्या क्षेत्रांहून असे ठसे यात्रेकरू स्वदेशीं घेऊन जात. म्हणजे क्षेत्राचा ठसा सोबत घरीं नेणें ही गोष्ट आजकालची नव्हे.

या छापांच्या जोडीस आणखी एक परंपरा ठेवून पाहिली पाहिजे. काशी, प्रयाग, नाशिक, त्र्यंबक इत्यादि क्षेत्रीं तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. यात्रेकरू तेथें गेला म्हणजे आपलें नांव, गांव, गोत्र, वाडवडिलांचीं व मुलांबाळांचीं नांवें त्या वहींत लिहितो किंवा लिहवितो. पुढें त्याचा नातू तेथें गेला म्हणजे उपाध्याय आजोबांच्या हातचा लेख काढून दाखवितो. वंशावळींच्या शोधांत या लेखांचा उपयोग किती होतो हें संशोधकांस नव्यानें सांगावयास नको.

तीर्थोपाध्यायाच्या वहींत यात्रेकरूची नोंद क्षेत्र ठेवतें. नव्या ठशांच्या वहींत क्षेत्राची नोंद यात्रेकरू ठेवतो. एक वही जागेवर राहते व तींत माणसें येत जातात. दुसरी माणसाबरोबर हिंडते व तींत जागा येत जातात. या दोन वह्या एकमेकींच्या पूरक आहेत. आपल्याकडे पहिली शतकानुशतकें नांदली. दुसरी अगदींच नव्हती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. महानुभाव पंथांत मुनिव्यासांच्या नांवावर असलेली चौदाव्या शतकांतील स्थानपोथी ही याच जातीची आहे. श्रीचक्रधरस्वामींनीं जेथें जेथें वास केला त्या त्या स्थानाची नोंद तींत आहे. देऊळ गांवाच्या कोणत्या दिशेस, त्याचें दार कोणीकडे, स्थान नेमकें कोणतें, असा तपशील तींत सांपडतो. भक्तानें भक्तीसाठीं केलेली ही नोंद आज विदर्भ व मराठवाड्यांतील देवळांच्या अभ्यासाचें अव्वल साधन होऊन बसली आहे. ठसे गोळा करणाऱ्यांनीं डोळ्यांपुढें आदर्श ठेवावयाचा तो या पोथीचा.

(५)

परदेशांत या प्रघातास आलेलें व्यवस्थित रूप पाहण्यासारखें आहे. जपानांतील मंदिरांत यात्रेकरूच्या वहींत हिंगुळाच्या तांबड्या रंगाचा ठसा उठवून त्यावर कुंचल्यानें देवतेचें व मंदिराचें नांव आणि तारीख लिहून देतात. त्यास तिकडे गोशुइन म्हणतात. यात्रेकरूनें सूत्राची प्रत स्वहस्तें लिहून मंदिरास अर्पण करावी आणि मंदिरानें तिची पोंच म्हणून ही मुद्रा द्यावी, असें त्याचें मूळ सांगतात. हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस हें मूळ विशेष गोड वाटेल. कारण या ठशाच्या मागें एका पोथीचें लेखन उभें आहे. पुढें १९३१ सालीं तेथील फुकुइ स्थानकावर आगगाडीच्या उतारूंसाठीं स्मरणार्थ शिक्का ठेवण्यांत आला व तो प्रघात देशभर पसरला.

स्पेनांतील सांतियागो क्षेत्रास पायीं जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेकरूस वाटेवरील देवळें व धर्मशाळा यांचे ठसे आपल्या पत्रावर घ्यावे लागतात. निदान १०० किलोमीटर तो पायीं चालला हें त्या ठशांवरून पडताळून मगच त्यास यात्रापूर्तीचें प्रमाणपत्र देतात. अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांत १९८६ पासून अशी वही व शिक्के यांची योजना चालू आहे. तेथील ठशांत स्थळाचें नांव व त्या दिवसाची तारीख हीं दोन्ही असतात.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ठसा यात्रेकरूच्या स्वतःच्या वहींत किंवा पत्रावर उठतो, आणि तो उठविण्याचा अधिकार त्या स्थळाचा असतो. ही मर्यादा सांभाळली म्हणून तेथील वह्या विश्वासार्ह ठरल्या.

(६)

आतां आपल्या कागदांकडे येऊं. मराठेशाहींतील पत्राच्या माथ्याजवळ शिक्का व शेवटीं मोर्तब असे. शिवाजी महाराजांची प्रतिपदेच्या चंद्रकोरीच्या उपमेची संस्कृत मुद्रा रांझ्याच्या पाटलासंबंधींच्या २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर आहे, आणि मजकूर संपला तेथें ‘मर्यादेयं विराजते’ हें मोर्तब येतें. शिक्क्यानें पत्र कोणाचें हें सांगितलें व मोर्तबानें तें कोठें संपलें हें सांगितलें. मोर्तबाखालीं कोणी एक ओळ अधिक लिहिली तर ती पत्राबाहेरची. लांब पत्रांत कागदाचे बंद एकमेकांस जेथें चिकटविलेले असत त्या जोडावरही पाठीमागून ठसा उठवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालतां येऊं नये. ठसा कोठें उठवावा व कां, याचें असें शास्त्र आपल्या कारकुनांस अवगत होतें.

त्या शास्त्राच्या वारसदारांकडून आज काय होतें याचीं दोन उदाहरणें आमच्या पाहण्यांतलीं आहेत. नांवें आम्ही देत नाहीं.

पहिलें एका पोथीचें. पोथी चांगली सुवाच्य देवनागरी, हिंगुळाच्या समासरेषांची, शेवटीं लेखकाच्या पुष्पिकेसह. पुष्पिकेंत शकाचे चार अंक, संवत्सराचें नांव, मास व तिथि इतकें लिहिलेलें आहे; वार नाहीं. ही पोथी कांहीं काळ एका संस्थेच्या संग्रहांत होती. तेथील कोणा उत्साही माणसानें संस्थेचा जांभळ्या शाईचा रबरी शिक्का नेमका या ओळीवर उठविला. पुढें ओल लागून शाई फुटली. आतां शकाचा पहिला, दुसरा व चवथा अंक वाचतां येतो. तिसरा ४ कीं ९ हें कळत नाहीं. अशा वेळीं संवत्सराच्या नांवावरून निर्णय करावयाचा. परंतु त्याचेंही ‘वि’ हें आद्याक्षर तेवढें उरलें आहे. शके १६४१ चा संवत्सर विकारी आणि शके १६९१ चा विरोधी; दोन्हींचें आद्याक्षर तेंच! वार असता तर गणितानें सोडविलें असतें, तोही नाहीं. एका ठशानें पोथीचें वय पन्नास वर्षांनीं अनिश्चित झालें. ग्रंथ बाळाजी विश्वनाथांच्या काळीं लिहिला कीं थोरल्या माधवरावांच्या, हें आतां निव्वळ कागद व वळण पाहून अजमासानें सांगावयाचें.

दुसरें उदाहरण याहून दुःखद आहे. एका जुन्या घराण्याच्या दप्तरांतील रुमाल सोडला असतां आंतील कित्येक पत्रांचे माथे चौकोनी कापलेले दिसले. चौकशीअंतीं कळलें कीं, शिक्के जमविण्याचा नाद असलेल्या एका गृहस्थांनीं ते कात्रीनें कापून नेले. त्यांच्या वहींत शिक्के सुंदर दिसत असतील. परंतु पत्रांचें प्रामाण्य गेलें, त्या जागेच्या पाठीवरील शेरे गेले, आणि वहींतील शिक्क्यांसही आतां पत्र नाहीं. शरीरापासून तोडलेला हात जसा लिहीत नाहीं, तसा पत्रापासून तोडलेला शिक्का कांहीं सांगत नाहीं. एका कात्रीनें दोन साधनें निरुपयोगी झालीं.

या दोन्ही प्रकारांत हेतु वाईट नव्हता. एकास वस्तु आपली म्हणून खुणावयाची होती, दुसऱ्यास ठसा आपल्याजवळ असावा अशी आवड होती. परंतु ठशाच्या खऱ्या स्वरूपाचा दोघांसही विसर पडला. ठशाचा मोठा गुण हा कीं, मूळ वस्तु जागच्या जागीं ठेवून तिची साक्ष दूर नेतां येते. शिलालेखावर ओला कागद बसवून शाईनें छाप घेण्याची जी रीत आहे तिचेंही मर्म हेंच. रामटेकच्या लक्ष्मणमंदिरांतील यादवकालीन लेखाचीं कित्येक अक्षरें झिजून गेलीं आहेत. अशा लेखाचा वेळेवर घेतलेला छाप पुढें मूळाइतकाच मोलाचा होतो. छाप घेणारा शिळा फोडून नेत नाहीं. तसें करूं लागला तर तो संशोधक नव्हे, चोर होय. शिक्के कापणाऱ्यास दुसरें कोणतें नांव द्यावें हें वाचकांनींच ठरवावें.

(७)

आणखी एक धोका संग्राहकांनीं वेळीं ओळखला पाहिजे. आज बाजारांत शिवकालीन व पेशवेकालीन मुद्रांच्या पितळी प्रतिकृति सर्रास विकत मिळतात. लोक त्या अभिमानानें घरीं ठेवतात, व त्यांत कांहीं गैर नाहीं. परंतु त्यांतील कांहीं केवळ शोभेच्या नसून त्यांनीं प्रत्यक्ष ठसा उठवितां येतो. इकडे जुन्या दप्तरांतून निघालेले कोरे कागद व अर्धे कोरे बंद पुष्कळांजवळ पडून आहेत. जुना कागद, काजळाची शाई आणि प्रतिकृतीचा शिक्का ही त्रयी एकत्र आली म्हणजे मुद्राराक्षसाचा दुसरा प्रयोग सुरू होण्यास कितीसा अवकाश? आज गंमत म्हणून उठविलेला ठसा शंभर वर्षांनीं एखाद्या वतनाच्या कज्जांत किंवा घराण्याच्या मोठेपणाच्या वादांत पुढें येईल, आणि तो तपासणाऱ्याजवळ आजची ही हकीगत नसेल.

म्हणून संग्रहालयें व देवस्थानें यांनीं प्रवाशांसाठीं शिक्का करविला तर तो कोणत्याही जुन्या मुद्रेची बरहुकूम नक्कल नसावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. नगरधनास उद्यां असा शिक्का ठेवला तर त्यावर शंख खुशाल असावा. पण आकार मूळापेक्षां निराळा व मोठा असावा, अक्षरें आजच्या देवनागरींत असावीं, आणि तो ठेवणाऱ्या संस्थेचें नांव व तारीख त्यांत यावी. मूळाची आठवण द्यावी, मूळाचें सोंग घेऊं नये. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालीं स्थापन झालें. लोक त्यास अजबबंगला म्हणून ओळखतात. दीडशें वर्षांहून अधिक काळ विदर्भाचा ठेवा सांभाळणाऱ्या अशा संस्थेच्या दारीं ठेवलेला शिक्का या बाबतींत इतरांस कित्ता घालून देऊं शकेल.

(८)

राहिला प्रश्न वही ठेवणारांचा. आमच्या पाहण्यांत आलेल्या वह्यांत ठसे सुबक होते, पण बहुतेकांखालीं एक अक्षरही लिहिलेलें नव्हतें. कित्येकांवर तारीख नव्हती. एका पानावर तर ठसा इतका पुसट होता कीं स्थळ कोणतें हें ज्याची वही त्यालाच आठवेना. अशी वही दहा वर्षांत मुकी होते. तिला वाचा राहावी म्हणून पुढील पथ्यें आम्ही सुचवितों.

प्रत्येक ठशाखालीं ज्या दिवशीं तो घेतला त्या दिवसाची तिथि, शक व इंग्रजी तारीख हीं तिन्ही लिहावीं. दोहोंत चूक झाली तर तिसऱ्यानें ती उघडी पडते. ठसा कोणी उठविला, देवळाच्या माणसानें कीं स्वतः, हें नमूद करावें. त्या दिवशीं तेथें काय पाहिलें याच्या निदान चार ओळी असाव्या. लेख असल्यास कोणत्या भिंतीवर, किती ओळींचा, किती वाचण्यासारखा. मूर्ति असल्यास भग्न कीं अभंग. जीर्णोद्धार चालला असल्यास कोणता भाग काढला व कोणता नवा बसविला. देवळांस रंग व फरशा लागण्याच्या या काळांत अशा चार ओळी पुढें अतिशय मोलाच्या ठरतील. रबरी शिक्क्यांची जांभळी शाई उजेडानें उडते व पाण्यानें फुटते, म्हणून वही बंद व कोरडी ठेवावी आणि नोंद मात्र टिकाऊ काळ्या शाईनें करावी. आणि सर्वांत मुख्य पथ्य म्हणजे कोणत्याही पोथीवर, जुन्या पत्रावर, सनदेवर किंवा त्यांच्या पाठीवरही नवा ठसा कधीं उठवूं नये. संस्थांनीं आपली खूण करावयाचीच तर ती वेष्टनावर करावी, किंवा पोथीस जोडलेल्या स्वतंत्र चिठीवर करावी.

जेथें शिक्का नाहीं तेथें वहींत पान रिकामें सोडूं नये; स्थानपोथीचा कित्ता गिरवावा. आमच्या सावनेरच्या परिसरांत अदाशाचा गणपति आहे, धापेवाड्यास चंद्रभागेच्या कांठीं विठ्ठल आहे. तेथें शिक्का मिळो न मिळो, दार कोणीकडे, सभामंडपाचे खांब किती, ओवऱ्या कोठें, जुनें काम कोणतें व नवें कोणतें, हें लिहावयास कोणाची परवानगी लागत नाहीं. नागपुराहून सावनेरावरून छिंदवाड्याकडे जाणारी छोटी आगगाडी रुंद मार्गाच्या कामासाठीं २०१५ सालीं बंद झाली. तिचें स्थानकाचें नांव व तारखेचा ठसा असलेलें पुठ्ठ्याचें तिकीट कोणाजवळ असेल तर तेंही आतां जपून ठेवण्याचा ऐवज झालें आहे. नागपुरास मोतीबागेंत २००२ सालीं छोट्या रेल्वेचें संग्रहालय झालें, त्यामुळें त्या गाडीचीं अवजड साधनें जपलीं गेलीं. तिकिटासारखा हलका कागद जपणें हें घरोघरच्या मंडळींचेंच काम आहे.

अशा वह्या ज्यांनीं ठेविल्या आहेत त्यांनीं त्या रद्दींत न टाकतां आपल्या पश्चात् एखाद्या संशोधनसंस्थेच्या स्वाधीन होतील अशी तजवीज करावी. ज्या वाचकांच्या घरीं गोपीचंदनाच्या जुन्या पितळी मुद्रा, तप्तमुद्रांचीं साधनें, किंवा तीर्थोपाध्यायांनीं दिलेल्या लेखांच्या नकला असतील त्यांनीं त्यांवरील आकृति व अक्षरें यांचा कोऱ्या कागदावर ठसा घेऊन, गांव, घराणें व ती वस्तु घरांत केव्हांपासून आहे याच्या माहितीसह मंडळाकडे पाठवावा. मूळ वस्तु पाठवूं नये. ती जेथें आहे तेथेंच असूं द्यावी.